तीन हजारांचं चांदणं

‘एक हजार ल्युमेन म्हणजे किती हो?’ असं कुणीतरी विचारावं म्हणून मी आठवडाभर खिशात हात घालून गोंदियात हिंडलो. कुणी विचारलं नाही. शेवटी भाजीवाल्याला मी आपणहून सांगितलं. तो म्हणाला, ‘वांगी अर्धा किलोच देऊ ना, सर?’

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. मी मात्र खरेदी झाल्यापासून ‘ईडीसी लाइट’ म्हणतो. ईडीसी म्हणजे माणसानं रोज अंगावर बाळगायची वस्तू. रुमाल, किल्ल्या आणि खर्र्याची पुडी हे आमच्या जिल्ह्याचं परंपरागत ईडीसी. त्यात मी तीन हजार दोनशे चाळीस रुपयांची भर घातली. लांबी माझ्या तर्जनीपेक्षा थोडी जास्त, अंग काळ्या ॲल्युमिनियमचं, कमरेला क्लिप. पाण्यात बुडाली तरी चालेल अशी हमी. ती आजमावायला मी तिला बादलीत बुडवली, ती पेटती राहिली, आणि मी बाथरूममध्ये एकटाच अभिमानानं उभा राहिलो.

खोक्यावर ‘झोत १५० मीटर’ असं छापलेलं होतं. या मीटरांची व्याख्या आहे, हे मला पैसे दिल्यानंतर कळलं. अमेरिकी मानकाप्रमाणे झोत जिथं पाव लक्सवर येतो तिथपर्यंत त्याची लांबी मोजतात, आणि पाव लक्स म्हणजे साधारण मोकळ्या माळावरचं पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे मी तीन हजार मोजून १५० मीटरवर कोजागिरी विकत घेतली होती, तीही दुधाशिवाय. उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत बॅटरी ‘चालू’च धरायची, असंही त्याच मानकात आहे. या हिशेबानं मीही नोकरीत अजून पूर्ण चालू आहे.

घरात पहिली चाचणी कानातल्याच्या फिरकीची झाली. फिरकी कपाटामागे पडली होती. मी पूर्ण हजार ल्युमेन सोडले. फरशी अशी चकाकली की मला फरशीखेरीज काही दिसेना. बायकोनं मोबाइलच्या उजेडात अर्ध्या मिनिटात फिरकी उचलली आणि काहीही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसरी चाचणी शोकसभेत, दोन मिनिटांच्या मौनात. किल्ल्यांचा धक्का लागून खिशातच बटण दाबलं गेलं, आणि लागला तो नेमका उघडझाप करणारा मोड. तो हल्लेखोराला गांगरवण्यासाठी असतो म्हणतात. माझी पँट आतून लखलखायला लागली. मौन असल्यामुळे कुणाला हसताही येईना, आणि मांडीला चटका बसत असून मला हलता येईना.

आता सेलबद्दल सांगतो. सेलचा खरं तर इथं काही संबंध नाही, माझी बॅटरी तारेवर चार्ज होते; पण आमच्या घरी बाबांची दोन सेलची पितळी ‘जीवनसाथी’ होती आणि तिचा विषय निघाला की मला आवरत नाही. सेल उतरले की बाबा ते फेकत नसत, उन्हात घालत. अंगणात खाटेवर कुरड्या, कुरड्यांच्या कडेला दोन लाल सेल. कोंबड्या हाकायचं काम माझं. दुपारी बाबा येऊन सेल पालथे करत, कुरड्या आई करी. उन्हानं आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि मेलेला सेल तास-दीड तास उठून बसतो, हे मी पुढे शाळेत शिकवलं. तेव्हा मात्र सेल सूर्य पितो अशीच माझी समजूत होती. अगदीच कामातून गेला की सेल आमच्या ताब्यात. दगडानं फोडायचा. मधली कांडी भिंतीवर लिहायला, पितळी टोपी खिशात, आणि काळी भुकटी पाल्याच्या रसात कालवून पाटीला फासायला. पाटी अशी काळीकुळीत व्हायची की तिच्यावर चुकलेलं गणितही देखणं दिसे. ती भुकटी मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडची. कोरड्या सेलच्या कारखान्यांना लागणारं हे खनिज तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघतं. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा होईपर्यंत आम्ही सगळे भंडाऱ्याचेच. म्हणजे आमच्याच जिल्ह्याची माती परगावी जायची, सेल होऊन परत यायची, बाबांच्या हातात विझायची आणि माझ्या पाटीवर पुन्हा माती व्हायची. हे मी स्टाफरूममध्ये तीनदा सांगितलं आहे. चौथ्यांदा सांगायला गेलो तेव्हा घंटा वाजली, तीही पाच मिनिटं आधी.

ती पितळी आता गावी, अर्जुनी-मोरगावकडे, दादाजवळ असते. बाबांची शेतीही त्यानंच सांभाळली, मी डी.एड.ला गेलो. मार्चमध्ये उन्हाळी धानाला पाणी होतं आणि पंपाच्या लाइनची पाळी रात्रीची. मी मुद्दाम गेलो. म्हटलं, गोंदियाला कदर नाही, दादाला तरी असेल.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मी हजार ल्युमेन सोडले. पलीकडची बोडी, पळसाची झाडं, सगळं दिवसासारखं झालं.

‘बंद कर गा ते! डोरे दिपले.’

बंद केल्यावर दोघंही आंधळे. अंधाराला पुन्हा सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात. तोवर दादा पितळीवर चालला. त्याची चाल मी पहिल्यांदाच नीट पाहिली. तो बटण सरकवतो, चार पावलं रस्ता पाहून घेतो, बंद करतो, आणि तेवढं पाठ झालेलं अंधारात चालतो. पुन्हा बटण. सेल वाचवायची ही बाबांची रीत. बांधीत पाणी सोडायला धुरा फोडायचा तर फावड्याला दोन्ही हात लागतात, मग बॅटरी काखेत. तिचा उजेड कधी आभाळात, कधी स्वतःच्याच पायावर. आणि धुऱ्यावर रात्री मण्यार असते. तिचा दंश कित्येकदा धड दुखतही नाही, सुजतही नाही. दादा तिचं नाव घेत नाही, ‘जनावर’ म्हणतो.

आमच्या जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. दोष त्या चिमण्यांचा नाही. पण पंपाला लाइन रात्री द्यायची हे कागदावर लिहिणाऱ्या हातात एकदा ते फावडं द्यावं आणि काखेत बॅटरी द्यावी, असं मला फार वाटलं. नुसतं वाटलं. मी पायात बूट घालून उभा होतो, दादा चिखलात अनवाणी.

‘बाबू, हे दातात धरता येते का गा?’

मी पाहिलेल्या एकाही परीक्षणात हा मुद्दा नव्हता. दादानं माझी बॅटरी दातात धरून पाहिली. ॲल्युमिनियम दाताला कचकचलं. त्यानं पंपाच्या खोलीतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणला आणि तो कापून तिच्यावर चढवला. माझ्या तीन हजारांच्या कोरीव नक्षीवर काळं रबर. मग मी त्याला सगळ्यात मंद मोड लावून दिला. एक ल्युमेन. खोक्यावर त्याचं नाव ‘मूनलाइट’ आहे आणि मी तो एकदाही वापरला नव्हता.

दोन्ही हात मोकळे झाले. तो फावडं मारत होता आणि चांदण्याएवढा उजेड बरोबर फावड्याच्या पात्यावर पडत होता. काम करता करता तो दातातून काहीतरी बोलला. मला वाटलं, कौतुक करतोय. ‘हो ना, आणि पाण्यातसुद्धा चालते,’ असं म्हणून मी ऐटीत पुढे झालो. त्यानं मागून माझी कॉलर धरली आणि मला ओढलं. मग बॅटरी तोंडातून काढली.

‘मांगं चाल म्हनतो, मांगं.’

धुऱ्यावर काही नव्हतं. पहाटेपर्यंत मी त्याच्या मागून चाललो, हातात पितळी घेऊन, चार पावलं पाहून आणि बंद करून.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. चार्जिंगची तार मी गोंदियालाच विसरलो होतो. ती एसटीनं पाठवली. पितळी माझ्याकडेच आहे. खिशात मावत नाही, पिशवीतून नेतो. काल तिचे सेल उतरले तेव्हा गच्चीवर कुरड्यांच्या कडेला ठेवले. बायको म्हणाली, ‘पालथे तुम्हीच करा.’