शनिवार-रविवारचा व्हिडिओ-रतीब

आठवडा संपताना आवडते व्हिडिओ एकमेकांना पाठवणे हा मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरील नित्यविधी आहे. योगायोग असा, की यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओही शनिवारीच, २३ एप्रिल २००५ रोजी, चढवला गेला. १९ सेकंद, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती आणि त्यांच्या लांब सोंडांचे कौतुक. आजच्या निकषांवर तो सहज पाठवण्याजोगा ठरतो, फक्त वर ‘शेवटपर्यंत पाहा’ लिहायचे राहिले.

निकष तसे सैलच. नवरदेव घोड्यावरून घसरला पाहिजे, नाहीतर मांजर ओट्यावरून. नोकरीनिमित्त बाहेरगावी राहणारी मुलगी ‘भाडिपा’ या मराठी यूट्यूब वाहिनीच्या ‘आई आणि मी’चा भाग धाडते; त्यातली आई हुबेहूब घरच्या आईसारखी बोलते. घरची आई तो पाहते, अंगठा देते आणि खाली लिहिते, ‘असतात बाई अशा बायका!’

अफवांना आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून दुहेरी बाणाचा, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जातो. काका मंडळी डगमगली नाहीत. सोसायटी, शाळेचा वर्ग, भिशी, सासरवाडी असा एकेक ग्रुप धरून तोच व्हिडिओ पोचवला जातो. चहा तोवर गार होतो. पाहण्याची सक्ती मात्र कोणावरच नसते. बहुतेक जण व्हिडिओ न उघडताच हसून लोळणारे तीन चेहरे टाकतात, आणि पाठवणाऱ्यानेही तो पाहिलेला असतोच असे नाही.