पहिला भाग बंगळुरूत लिहून तयार आहे

तमाम मराठी वाहिन्यांच्या निर्मात्यांनो, पॉप गायकांच्या दुनियेची टर उडवणारी एक विनोदी मालिका आता मराठीत येऊ द्या. लेखकाचे मानधन वाचेल. पहिला भाग बंगळुरूने फुकट लिहून ठेवला आहे.

इंग्रजीत हा धंदा जुना. एचबीओवर 2007 मध्ये 'फ्लाइट ऑफ द कॉन्कॉर्ड्स' आली. न्यूझीलंडचे दोन गवई न्यूयॉर्कात धडपडतात आणि त्यांचा मॅनेजर म्हणजे वकिलातीतला बाबू. बँडमध्ये माणसे दोन, तरी बैठकीआधी तो रीतसर हजेरी घेतो. प्रेक्षक हसून लोळले. आपल्याकडे याला विनोद म्हणत नाहीत, कार्यालयीन पद्धत म्हणतात.

तर भाग पहिला. 9 फेब्रुवारी 2025, रविवार सकाळ, चर्च स्ट्रीट. पुण्यातून दौऱ्याचा नारळ फोडून हैदराबाद, चेन्नई करत आलेला ब्रिटिश पॉप गायक एड शीरन गिटार घेऊन फुटपाथवर उभा. 'शेप ऑफ यू' रंगात येतेय तोच पोलीस आले आणि त्यांनी माईकची वायर उपटली.

पोलीस म्हणाले, आयोजकांनी परवानगी मागितली होती, पण रस्ता गर्दीचा म्हणून आम्ही ती नाकारली. शीरन म्हणाला, परवानगी होती, म्हणून तर नेमके त्याच जागी गायलो. खासदार पी. सी. मोहन म्हणाले, जगप्रसिद्ध असलात तरी इथले नियम पाळा. परवानगी एकच, ती होतीही आणि नव्हतीही.

बड्या गायकाला सगळे मिळाले की एकच हौस उरते: साधे दिसण्याची. शीरनची हौस निराधार नाही, सुरुवातीला तो रस्त्यांवरही गायला आहे. पण त्या सकाळी त्याला खरोखर साधा माणूस समजले ते फक्त वायर उपटणारे. रस्त्यावरच्या गवयाचा अस्सल अनुभव त्यांनी त्याला विनामूल्य दिला.

भाग दुसरा: चाहते भडकतात. जगात नाक कापले म्हणतात. हेच आम्ही सिग्नलवर बासरी विकणारा पोरगा जवळ आला की गाडीची काच वर करतो. त्याला हाकलतात तेव्हा मोबाइल खिशातच राहतो.

पुणेकरांनी फार हसू नये. नोव्हेंबर 2024 मध्ये कोथरूडला दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमातला मद्याचा परवाना उत्पादन शुल्क खात्याने रद्द केला होता. गायक कुठलाही असो, सम सरकारी खातेच गाठते. तो झाला भाग तिसरा.

खरी गंमत हिशेबात आहे. मैदानात हजारोंची गर्दी जमवा, महाग तिकीट लावा, कर भरा, कागद हलतात. फुकट गायलात की शंका येते. ज्यातून पावती फाटत नाही, त्या गाण्याला आपल्या दफ्तरात रकानाच नाही.

म्हणून महापालिकांना एक विनंती. चर्च स्ट्रीट असो वा पुण्याचा जंगली महाराज रस्ता, रस्त्यावरच्या कलावंतांसाठी जागा नेमून द्या, वेळ आणि आवाजाची मर्यादा लिहून लावा, अर्ज एकपानी ठेवा. मग शीरनलाही रांगेत उभे करा, बासरीवाल्याच्या मागे. आमची मालिका बंद पडेल, पण ते नुकसान निर्माते सोसतील.