एन्ट्रॉपीबाईसाहेबांस अनावृत पत्र

मुक्काम भोसले घाट, काशी

श्रीमंत एन्ट्रॉपीबाईसाहेब यांचे सेवेसी,
साष्टांग नमस्कार वि. वि.

1865 साली क्लाउझियससाहेबांनी आपले बारसे केले. त्याआधीही आपला कारभार बिनबोभाट चालूच होता, पण नाव घेऊन तक्रार करायची सोय तेव्हापासून झाली. उपकृत आहोत.

आज पायरीवर बसून चहा घेत होतो. चहा 353 केल्विनला, हवा 300 ला. चहाने हवेला 1000 जूल उष्णता दिली. उष्णतेला तापमानाने भागायचे, ही आपलीच रीत. चहाच्या खात्यातून सुमारे 2.83 वजा, हवेच्या खात्यात 3.33 जमा. मधला अर्धा आला कुठून? कुणाच्याच खिशातून नाही! इतकी निर्मळ वरकमाई आमच्या कचेऱ्यांतही पाहिली नाही.

आपण दयाळूही आहात. दोहोंच्या तापमानात नावापुरताच फरक ठेवावा, उष्णता अनंत काळ मुंगीच्या पावलांनी सरकू द्यावी, की आपण छदामही घेत नाही. प्रतिवर्ती प्रक्रियेला करमाफी! 1824 साली कार्नोने असे इंजिन कागदावर चालवलेही. तेवढ्या संथपणे गाडी मुक्कामाला पोचत नाही, इतकेच. घाईला दंड, दिरंगाईला सूट. धोरण ओळखीचे वाटले.

हातातल्या कुल्हडाबद्दलही आभार. माती एकदा भट्टीत भाजली की गंगेत महिनाभर बुडवली तरी तिचा पुन्हा चिखल होत नाही. दिलेला शब्द असा पाळणारे आता कोण उरलेय?

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या घाटावर दर पावसाळ्यात गाळ साचतो. मग पंप लावून पायऱ्या धुतात. पायऱ्या लख्ख झाल्या, तेव्हा वाटले, बाईसाहेब हरल्या. पण इंजिनाचा धूर आणि धग यांतून आपण इथली तूट व्याजासकट वसूल केलीत. आपल्या दफ्तरात खोट कशी ती नाहीच.

शेवटी विनंती करणार होतो, की जवळच्या मणिकर्णिका या स्मशानघाटावरच्या राखेचे एकदा तरी पुन्हा लाकूड करून दाखवावे. पण इथे आलेला जो तो परतीचा फेरा चुकवायलाच आलेला! परत फिरता येत नाही, अशी तक्रार करायला मी गावही नेमके हेच निवडावे?

लोभ आहेच, थोडा कमी केलात तरी चालेल.

आपला आज्ञाधारक,
एक करदाता

ता. क. लिहिता लिहिता चहा पार निवला. आपला हिस्सा पोचला असेलच.