मजल्यागणिक सोय

मधुमेह जडल्यापासून मला शहरं मुताऱ्यांवरून लक्षात राहतात. फ्लॉरेन्समध्ये त्यासाठी बारमध्ये शिरायचं, कॉफी घ्यायची, मग किल्ली मागायची. त्या कॉफीची फेड तासाभरात करावी लागते. म्हणजे पुढचा बार, पुढची कॉफी. असं करत करत पालात्सो दावांझाती गाठलं.

दाविझ्झी या व्यापारी घराण्याने चौदाव्या शतकात बांधलेला हा वाडा १५७८ साली बेर्नार्दो दावांझातीने विकत घेतला. हाही व्यापारीच, शिवाय रोमन इतिहासकार टॅसिटसचा भाषांतरकार. १९०४ मध्ये एलिआ व्होल्पी नावाच्या कलावस्तूंच्या दलालाने तो घेऊन डागडुजी केली, १९१० ला लोकांना दाखवला आणि पुढे आतलं सामान न्यूयॉर्कला नेऊन लिलावात फुंकलं. धंदा म्हणजे धंदा! आता इथे सरकारी संग्रहालय आहे.

वरचे मजले गाइडबरोबरच बघायचे. दुसऱ्या मजल्यावर गाइडबाईंनी अभिमानाने एक चिंचोळं दार दाखवलं. "त्या काळी प्रत्येक मजल्यावर शौचकूप!" मी पुढे सरसावलो. आडवी दोरी होती.

"किती पुढारलेले होते ना!" बायको म्हणाली.

"हो. साडेसहाशे वर्षांपूर्वी आलो असतो तर बरं झालं असतं."

मग विहीर. रहाटाने बादली थेट वरच्या मजल्यापर्यंत कशी चढायची, पाणी कसं हिंदकळायचं, हे बाईंनी हातवारे करून सांगितलं. पाण्याचं वर्णन त्यांनी जरा आवरतं घ्यायला हवं होतं. शयनगृहाच्या भिंतीवर वेर्जीच्या सरदारणीची शोकांत प्रेमकथा चितारली आहे. त्यात शेवटी बहुतेक सगळे मरतात. मला त्यांचा हेवा वाटला.

स्वयंपाकघर सर्वांत वर, धूर आणि आगीच्या भीतीने. पाण्याला रहाट होता. लाकडं मात्र कुणाच्या तरी पाठीवरूनच आली असणार. त्या माणसाचं नाव कुठल्याच फलकावर नाही. घरातल्या एका भिंतीवर मात्र कुणीतरी २६ एप्रिल १४७८ ची बातमी खरडून ठेवली आहे: शहरावर सत्ता गाजवणाऱ्या घराण्यातल्या ज्युलिआनो मेदिचीचा कॅथेड्रलमध्ये खून झाला. घाईघाईत, घरच्याच भिंतीवर. त्या ओळीपुढे मी चक्क मिनिटभर सगळं विसरून उभा राहिलो.

"अहो, चला, याही मजल्यावर एक आहे म्हणे बघण्यासारखा," हिने हाक मारली.

"एक काय?"

"शौचकूप."

मी तडक जिना उतरू लागलो. वरचे जिने लाकडी आहेत, एवढं जाता जाता कळलं.