स्मृतिविभाजनमीमांसा, अर्थात क्लस्टरवर कोणाला किती जीबी द्यावेत याचा सशास्त्र विचार

अनुबंध

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगाव्यात असा जुना दंडक आहे. प्रस्तुत प्रबंधाचा विषय: अनेक यंत्रे जोडून केलेल्या क्लस्टरवर एखाद्या जॉबला मेमरी किती द्यावी आणि त्याचे टास्क किती करावेत. प्रयोजन: रात्री अडीचला फोन वाजू नये. संबंध: विषयाचा प्रयोजनाशी संबंध आहे अशी हिंजवडीपासून मगरपट्ट्यापर्यंत दृढ श्रद्धा आहे, आणि श्रद्धेच्या ठिकाणी पुरावा मागणे शिष्टसंमत नाही. अधिकारी: ज्याचा जॉब किमान एकदा उडाला आहे तो. ज्याचा कधीच उडाला नाही त्याने हा प्रबंध वाचू नये. त्याने आपले आकडे कुठून उचलले एवढे सांगितले तरी पुरे.

इतिहासप्रकरण

२००४ साली गुगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी मॅपरिड्यूसवरचा आपला निबंध मांडला. मोठ्या कामाचे तुकडे करा, ते साध्यासुध्या यंत्रांवर वाटा, एखादे यंत्र मेले तर त्याचा तुकडा दुसऱ्याच्या गळ्यात घाला, असा त्याचा मथितार्थ. त्यावरून डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी उभारलेले काम २००६ साली हडूप या नावाने स्वतंत्र झाले. नाव कटिंगच्या मुलाकडच्या कापडी पिवळ्या हत्तीचे. एका बालकाच्या खेळण्यापायी पुढे इतक्या प्रौढांची झोप उडाल्याचे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

आरंभीच्या हडूपमध्ये वाटपाचा प्रश्न सोपा होता. प्रत्येक यंत्रावर मॅपच्या २ जागा आणि रिड्यूसच्या २ जागा, हा मूळ आकडा. मॅपची जागा ओस पडली तरी रिड्यूसने तिथे बसायचे नाही. अन्याय होता खरा, पण हिशेब बोटांवर होत असे. ऑक्टोबर २०१३ मध्ये हडूप २.२ आले, त्याच्याबरोबर वाटप पाहणारे यार्न स्थिरावले, राखीव जागा गेल्या, आणि ज्याला जितके मेगाबाइट हवेत तितके त्याने मागावेत असे ठरले. ‘तुला किती हवे?’ असे माणसाला विचारल्यावर जे व्हायचे तेच झाले. दरम्यान बर्कलीत २००९ साली मातेई झहारियाने सुरू केलेला स्पार्क पुढे आला. होता होईल तो मेमरीतच काम उरकायचे हे त्याचे ब्रीद, त्यामुळे जास्त मागण्याला शास्त्राधारही मिळाला.

क्षेत्रफळप्रकरण

आता गणित. समजा, यंत्र १२८ जीबी मेमरीचे आणि ३२ कोअरचे आहे. ८ जीबी आणि १ कोअर ऑपरेटिंग सिस्टिम व इतर घरच्या मंडळींसाठी बाजूला काढू. उरले १२० जीबी आणि ३१ कोअर. एका एक्झिक्युटरला, म्हणजे टास्क चालवणाऱ्या स्पार्कच्या एका प्रक्रियेला, ५ कोअर द्यावेत, असा वृद्धांचा संकेत आहे. त्याहून जास्त दिल्यास एचडीएफएस या हडूपच्या फाइलव्यवस्थेशी बोलणाऱ्या धाग्यांची गर्दी होते. म्हणजे ६ एक्झिक्युटर बसतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला २० जीबी येतात.

परंतु २० मागायचे नसतात. जावाच्या हीपखेरीज आणखी १० टक्के, किंवा ३८४ एमबी, यांतले जे जास्त असेल ते ‘ओव्हरहेड’ म्हणून आपोआप लागते. म्हणून हीप मागायची १८ जीबी. त्यावर १.८ चढतात, यार्न ती बेरीज पुढच्या पूर्ण जीबीला नेऊन टेकवते, आणि २० पुरे होतात. पुण्यात ज्याने २०१७ पूर्वी फ्लॅट घेतला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही: पैसे सुपर बिल्ट-अपचे, राहायचे कार्पेटमध्ये.

कार्पेटच्याही आत जावे लागते. १८ जीबींतून स्पार्क ३०० एमबी स्वतःसाठी राखतो. उरलेल्यातला ०.६ हिस्सा प्रत्यक्ष कामासाठी आणि साठवणीसाठी मिळून, बाकीचा वापरकर्त्याच्या स्वतःच्या पसाऱ्यासाठी. हाती लागतात सुमारे १०.६ जीबी, आणि ते दर कोअरला एक अशा ५ टास्कांत वाटले की दर टास्कला जेमतेम २.१. यंत्रावरचे सगळे टास्क मिळून ६४ जीबी. १२८ विकत घेतले, ६४ कामी आले. निम्मी मेमरी नियमांनीच खाल्ली, आणि त्यातला प्रत्येक नियम स्वतंत्रपणे पाहता अगदी वाजवी आहे.

दोन जीबींचे प्रकरण

या प्रबंधाचा मुख्य शोध या प्रकरणात आहे. वरील यंत्रावर एखाद्या सावध गृहस्थाने १८ ऐवजी २० जीबी हीप मागितली असे समजा. कारण विचारले तर, “असू दे, थोडी जास्त बरी.” २० वर २ ओव्हरहेड, झाले २२. १२० जीबींत २२ चे ५ एक्झिक्युटर बसतात. १० जीबी कोणाच्याच कामाचे नाहीत असे उरतात, आणि एकाच वेळी ३० टास्क चालायचे ते २५ चालतात. दोन जीबींच्या सावधगिरीत सहाव्या हिश्श्याचे यंत्र बसून राहिले. गंमत अशी, की जॉब यशस्वी होतो! थोडा उशिरा होतो, पण होतो. त्यामुळे गृहस्थाची खात्री पटते की २० हाच बरोबर आकडा.

मरणप्रकरण

मागितल्यापेक्षा जास्त मेमरी वापरणाऱ्या कंटेनरला (इथे एक्झिक्युटरला) यार्न मारते. मारण्याची रीत सभ्य आहे. आधी १५ क्रमांकाचा संदेश जातो, ‘आवरून घ्या’. मग २५० मिलिसेकंद थांबून ९ क्रमांकाचा, ज्याला उत्तर देता येत नाही. लॉगमध्ये १४३ दिसले तर १२८ अधिक १५, म्हणजे मृताला निदान सांगून गेले. १३७ दिसले तर १२८ अधिक ९, म्हणजे तेवढ्या सवडीत आवरून झाले नाही. जाणकार मंडळी लॉगची बाकीची चारशे ओळींची आरती न वाचता थेट हा आकडा पाहतात.

मृत टास्क पुन्हा चालवला जातो. तोच डेटा, तीच मेमरी, तोच शेवट. असे एकूण ४ प्रयत्न होईपर्यंत यंत्रणा हार मानत नाही. या चिकाटीचे कौतुक करावे की कसे याबद्दल टीकाकारांत एकमत नाही.

संप्रदायप्रकरण

या शास्त्रात तीन संप्रदाय आहेत.

पहिला द्विगुणवादी. याचे सगळे तत्त्वज्ञान एका संवादात मावते. “अरे, जॉब परत उडाला.” “मेमरी डबल करून बघ.” “कालच केली.” “मग आजची कर.” या संप्रदायाचा अंत ३२ जीबींपाशी होतो. तिथवर जावा आपले पत्ते ४ बाइटांत दाबून ठेवते, त्यापलीकडे तेच पत्ते ८ बाइटांचे होतात. त्यामुळे ३१ ची हीप ३४ करणाऱ्याला वाढ मिळत नाहीच, उलट पूर्वी मावत होते तेही कधीकधी मावेनासे होते.

दुसरा नकलवादी. हा शेजारच्या टीमची फाइल उचलतो. फाइलबरोबर तिच्यातली भीतीही येते. अशाच एका फाइलमधले चार थर येथे देतो:

# ४ जीबी
# ८ जीबी, पुरत नाही
# १६ जीबी, तात्पुरते, मार्चअखेरपर्यंत
२४ जीबी

पहिल्या तीन ओळी मृत, चौथी जिवंत. तिसऱ्या ओळीत कोणता मार्च अभिप्रेत आहे हे लिहिणारा सांगू शकला असता, पण तो आता बंगळुरूला असतो. ती ओळ कोणी खोडलेली नाही. कारण ती खोडल्यावर जॉब उडाला, तर ती खोडल्यामुळेच उडाला असे ठरेल.

तिसरा प्रमाणवादी. हा आधी मोजतो. संख्येने अत्यल्प, आणि जेवायला एकटाच जातो.

नऊ-नऊंचे प्रकरण

प्रमाणवाद्याला जे सापडते ते असे. स्पार्क एसक्यूएलमध्ये शफलच्या, म्हणजे डेटाच्या फेरवाटपाच्या, तुकड्यांची मूळ संख्या २०० आहे. डेटा १० एमबी असो वा १० टीबी, २००. दहा टीबीला २०० ने भागले तर दर तुकडा सुमारे ५० जीबींचा होतो, आणि टास्कच्या हाती २.१ जीबी आहेत हे आपण वर सिद्ध केले. यावर उपाय तुकडे वाढवणे हा आहे. त्याला एक पैसा लागत नाही, बहुधा म्हणूनच तो शेवटी सुचतो.

तुकडे २०० ठेवा की वाढवा, एक टास्क अडतोच. १९९ झाले, एक राहिला, आणि सगळी टीम पडद्यावरच्या त्या पट्टीकडे बघत बसते. अशा वेळी आत पाहावे. दुकानाच्या काउंटरवर ज्याने ज्याने आपला मोबाइल नंबर सांगायला नकार दिला, त्या प्रत्येकासाठी तिथल्या मुलाने ९९९९९९९९९९ दाबलेले असते. नंबरवरून गट पाडायचे म्हटले की देशभरातली ही सगळी संकोची माणसे एकाच टास्कच्या डोक्यावर येऊन बसतात. तिथे मेमरी चौपट करा, नाहीतर ‘स्पेक्युलेशन’ लावून त्याच टास्कची दुसरी प्रत शेजारच्या यंत्रावर धाडा; तिलाही तोच गठ्ठा मिळतो. तो एक नंबर गाळला की पट्टी पुढे सरकते.

पूर्वपक्ष आणि सिद्धान्त

येथे पूर्वपक्षी म्हणेल, इतके सगळे ठाऊक असताना लोक जास्तच का मागतात? अज्ञान हे उत्तर पुरेसे नाही, कारण ज्ञानीही जास्तच मागतात.

सिद्धान्त असा: मागणीचा आकडा गरजेवरून ठरत नाही, फोन कोणाचा वाजणार यावरून ठरतो. कमी मागून जॉब उडाला तर मागणाऱ्याचा फोन वाजतो. जास्त मागून मेमरी पडून राहिली तर कोणाचाच वाजत नाही. फक्त क्यूमध्ये मागे उभा असलेला कोणीतरी अर्धा तास जास्त थांबतो, आणि क्लस्टर स्लो आहे असे म्हणून चहाला जातो. परत आल्यावर तोही आपला आकडा वाढवतो, कारण एकदा आत शिरायला मिळाले की कमी पडायला नको. अशा रीतीने सगळे सावध झाले की क्लस्टर भरलेला दिसतो आणि यंत्रे रिकामी असतात. मग नवी यंत्रे घेण्याचा प्रस्ताव जातो, तो मंजूर होतो, आणि मागणीला मोकळे रान मिळते.

जो मागतो त्याला मागितलेले आणि वापरलेले हे दोन आकडे शेजारीशेजारी दाखवावेत, एवढाच उपाय प्रस्तुत लेखक सुचवतो. माणसाला भीती वाटायचीच असेल तर ती दोन्ही बाजूंनी वाटावी.

फलश्रुती

हा प्रबंध जो स्टँडअपपूर्वी वाचील त्याचा जॉब १९९ वर अडणार नाही. जो रिलीजच्या आदल्या रात्री वाचील त्याला १३७ चे भय राहणार नाही. आणि जो वाचून आपल्या जॉबची हीप २० वरून १८ वर आणील, त्याच्यामुळे प्रत्येक यंत्रावर सहावा एक्झिक्युटर उभा राहील. तो कोणामुळे मिळाला हे मिळणाऱ्याला कधीच कळणार नाही. शास्त्रात याला निष्काम कर्म म्हणतात. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.