दखलपात्र

आप्पा हॉटेलात शिरायच्या आधी त्यांचा खोकला शिरतो. तो कानावर आला की बारक्या खांद्यावरचं फडकं काढतो, कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसलेल्या दोन कॉलेजच्या पोरांना "सरका रं तिकडं" म्हणतो आणि टेबलावर असा हात फिरवतो की आधीच्या गिऱ्हाइकाच्या फरसाणाचा चुरा पोरांच्या मांडीवर जातो. बारक्याचं वय पंचावन्न. मिसरूड फुटायच्या सुमाराला या हॉटेलात लागला, तेव्हापासून बारक्याच आहे. आप्पा बसतात. काही मागत नाहीत, मागणं कमीपणाचं. अर्ध्या मिनिटात पुढ्यात कट चहा येतो, तोही बिनसाखरेचा, कारण आप्पांची शुगर किती निघाली हे काकूंच्या आधी बारक्याला कळलेलं असतं.

म्हणजे आमच्याकडची सेवा चांगली, असा अर्थ कुणी काढू नये. पुण्याहून आमच्या पाबळला मस्तानीची समाधी बघायला येणारी मंडळी कधीमधी इथं टेकतात, त्यांना विचारावं. पाण्याच्या ग्लासांसोबत बारक्याची बोटंही टेबलावर येतात. मेनू कार्ड मागितलं तर तो भिंतीकडं बघत "मिसळ, वडा, भजी" एवढं म्हणतो आणि थांबतो. एकदा एका बाईंनी "मस्तानी मिळेल का?" असं विचारलं. पुण्यात दूध-आइस्क्रीमच्या उंच पेल्याला मस्तानी म्हणतात, त्या अर्थानं. बारक्या म्हणाला, "हाय की. पर ती तिकडं समाधीत हाय." बाई हसल्या नाहीत. बारक्याही हसला नव्हता. तो पत्ता सांगत होता.

आप्पांना यातलं काहीच खटकत नाही, कारण आप्पा गिऱ्हाईक नाहीत, मानकरी आहेत. असा एकेक आप्पा आमच्या पट्ट्यात गावोगाव असतो. केंदूरला आहे, कान्हूर मेसाईला आहे, धामारीला तर दोन आहेत आणि त्यांचं आपसांत बोलणं नाही. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, खिशात चष्म्याचं घर आणि सोसायटीच्या पावत्या. गावाबाहेर हा माणूस फार तर आळंदीला, पंढरपूरला आणि मंचरच्या मार्केटात जातो. तिथंही ओळखीचंच हॉटेल गाठतो, ओळखीचं नसेल तर बसल्या बसल्या मालकाची सोयरीक काढून ओळखीचं करतो. जगात आपल्याला कुणी ओळखणार नाही अशीही एक जागा असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नसतं.

ती जागा जर्मनीत निघाली.

2009 च्या सुमाराला चाकणला जर्मन गाड्यांचे कारखाने उभे राहिले आणि आमच्याकडची पोरं आधी कंपनीच्या बसमध्ये आणि मग विमानात बसायला लागली. आप्पांचा मुलगा असाच स्टुटगार्टला पोचला. दोन वर्षं फोनवर "या, या" झाल्यावर मे महिन्यात आप्पा आणि काकू पंधरा दिवस जाऊन आले. त्या पंधरा दिवसांच्या दोन आवृत्त्या आहेत. एक आप्पा हॉटेलात सांगतात ती, दुसरी मुलानं मला फोनवर सांगितली ती. खालचा मजकूर दोन्ही ताडून लिहिला आहे. काकूंची तिसरी आवृत्ती फार तोकडी आहे, पण जिथं मिळाली तिथं घेतली आहे.

पहिल्याच रविवारी पोरानं आईबापाला चांगल्या हॉटेलात नेलं. तिकडं बऱ्याच साध्या हॉटेलांत आपलं आपण टेबल धरायचं असतं. आप्पांनी पाबळच्या सवयीनं कोपरा गाठला. मोठं गोल लाकडी टेबल, भिंतीकडं पाठ, दारावर नजर. बसल्याबरोबर वाढणारी बाई धावत आली. आप्पा काकूंना म्हणाले, "बघ, हितंबी वळीखलं." बाईनं टेबलावरच्या छोट्या पाटीकडं बोट दाखवलं आणि त्यांना उठवलं. जुन्या गावात, जुन्या खानावळीत नेहमीच्या म्हाताऱ्यांचं असं एक राखीव टेबल असतं, त्याला ष्टामटिश म्हणतात. ते रिकामं असलं तरी परक्यानं तिथं बसायचं नसतं. आप्पांनी जर्मनीतल्या आप्पांची जागा धरली होती.

"बाकडं काय कुनाच्या बापाचं असतं व्हय?" असं आप्पा हा प्रसंग सांगताना विचारतात. विचारताना ते आमच्या हॉटेलातल्या कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसलेले असतात आणि कॉलेजची पोरं उभी असतात.

दुसरं टेबल मिळालं. मेनू कार्डं आली. चित्रं नव्हती, अक्षर कळत नव्हतं. आप्पांनी कार्ड पोथीसारखं पुढ्यात उघडून ठेवलं आणि कुणीतरी येऊन वाचून दाखवील अशा बेतानं हात जोडून बसले. आता तिकडची खूण अशी, की कार्ड उघडं म्हणजे गिऱ्हाइकाचं अजून ठरायचं आहे. मिटून ठेवलं म्हणजे या. मुलगा गाडी लावायला गेला तो लांब जागा मिळाल्यामुळं वीस मिनिटं आलाच नाही. वीस मिनिटं बाई लांबून बघत राहिली, हे आजोबा किती बारकाईनं निवडतायत. आणि वीस मिनिटं आप्पा तिच्याकडं बघत राहिले. आप्पांनी खोकून पाहिलं. दोनदा खोकले. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं खुर्ची जरा पलीकडं सरकवली. मग आप्पांनी शेवटचं हत्यार काढलं. "शुक शुक!"

आमच्याकडं या दोन अक्षरांवर एसटी थांबते. तिथं टेबलाखालचं कुत्रं उठून आलं.

जर्मनीत हॉटेलात कुत्री आणायची मुभा असते. ती निमूट पायाशी बसतात. हे कुत्रं आप्पांजवळ येऊन उभं राहिलं, ते पाहून बाई लगबगीनं आली, "तहान लागली वाटतं" अशा अर्थाचं काहीतरी प्रेमानं बोलली आणि पाण्यानं भरलेला वाडगा ठेवून गेली. कुत्र्यापुढं.

आप्पांच्या हॉटेलातल्या निरूपणाचा हा मध्य. इथं ते थांबतात, टोपी काढतात, टेबलावर ठेवतात. मुलगा आल्यावर आप्पांनीही पाणी मागितलं. बाटली आली. उघडली तर फस्सकन फेस. तिकडं नुसतं पाणी मागितलं की पुष्कळदा सोड्याचं येतं. साधं हवं तर तसं सांगावं लागतं, आणि नळाचं मागितलं तर भुवया वर जातात. आप्पांनी पाऊण लिटर फेस सहा युरोला घेतला. म्हणजे आपले सहाशेच्या घरात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मुलखातला माणूस. पाणी विकत घेण्याचं त्याला अप्रूप नाही. पण "कुत्र्याला फुकट आन् मान्साला साश्शे" या हिशेबानं आप्पांचं जे काही हललं ते अजून जागेवर आलेलं नाही.

"मंग तुमीबी वाडग्यात मागायचं," असं काकू म्हणाल्याचं मुलगा सांगतो. आप्पांच्या आवृत्तीत हे वाक्य नाही.

पण त्या दिवशीचा खरा घाव बिलाच्या वेळचा. मुळात बिल येईना. जेवण झालं, ताटं गेली, तास झाला, कुणी उठवेना. न मागता बिल आणून आदळणं म्हणजे गिऱ्हाइकाला हाकलणं, अशी तिकडची समजूत. आमच्याकडं बिल हा कागद नसून आरोळी असते. माणूस उठला की बारक्या आतून ओरडतो, "आप्पा, दोन च्या, एक भजी, मागलं चाळीस!" गल्ल्यावर पोचेपर्यंत अख्ख्या गावाला तुमचं खाणं आणि उधारी कळते. तिथं आप्पा अवघडून बसून राहिले. शेवटी मुलानं हात वर केला, बाई आली आणि तिनं तो प्रश्न विचारला, जो जर्मनीत प्रत्येक टेबलावर विचारतात. "त्सुझामेन ओडर गेट्रेंट?"

आप्पांनी अर्थ विचारला. पोरानं भाबडेपणानं शब्दाला शब्द सांगितला. "ती विचारतीय, एकत्र का वेगवेगळं?"

आप्पांचा चेहरा उतरला. हा प्रश्न त्यांना आयुष्यात याआधी दोनच वेळा विचारला गेला होता. एकदा रेशन कार्डाच्या वेळी आणि एकदा थोरल्या भावाशी वाटणी झाली तेव्हा तलाठ्याच्या पुढ्यात. "तिला कुनी सांगितलं आपलं फाटलंय म्हनून?" आप्पा म्हणाले. "सांग तिला, एकत्र हाय. सातबारा एक हाय." पोरानं "त्सुझामेन" म्हटलं आणि कार्ड काढलं. आप्पांनी त्याचा हात धरला. मग बापलेकांत बिल कुणी द्यायचं यावर जी झोंबाझोंबी झाली ती आमच्याकडं रीतीची असते, दोघांनी तीन-तीनदा पाकीट काढल्याशिवाय बिल दिल्यासारखं वाटत नाही. बाई दोन पावलं मागं सरली. वाटणी नाही म्हणतात आणि मारामारी तर चालली आहे, असं तिला वाटलं असणार.

त्यात पोरानं वर चार युरो सोडले. आप्पा रोज पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात. "2022 सालीच ग्राहक प्राधिकरनानं सांगितलंय, सर्व्हिस चार्ज सक्तीनं घेता येत न्हाई. दिल्लीच्या हायकोर्टानं 2025 ला तेच धरलं." मुलगा म्हणाला, "आप्पा, ते भारताचं. आणि ही सक्ती नाहीये, मी माझ्या मनानं देतोय." "मनानं?" आप्पा म्हणाले. "कुत्र्याला पानी पाजल्याबद्दल?"

पुढचे आठ दिवस असेच. एकीकडं दुपारी अडीचला स्वयंपाकघर बंद, एकीकडं सोमवारी सुट्टी, एकीकडं भाकरीसारखी दिसणारी वस्तू गोड. आप्पा प्रत्येक हॉटेलातून बाहेर पडताना एकच वाक्य म्हणायचे, "कोन इचारंना." मला हे वाक्य जेवणाविषयीचं वाटत नाही. सेवा वाईट होती असं पोराचं म्हणणं नाही. सगळे "बिट्टे" आणि "डांके" म्हणत होते, गोड हसत होते. आप्पा म्हणतात, "हसत्यात, पर भिंतीकडं बघून हसल्यावानी." बारक्या भिंतीकडं बघून बोलतो तेव्हा त्यांना काही वाटत नाही, ही गोष्ट मी त्यांना काढून दाखवली नाही. मला त्याच बाकड्यावर बसायचं असतं.

शेवटच्या शनिवारी मुलगा दोघांना कोलोनला घेऊन गेला. तिथलं 157 मीटर उंच चर्च 1248 साली बांधायला घेतलं आणि 1880 साली पुरं झालं, हे ऐकून आप्पा पहिल्यांदा त्या देशाविषयी बरं बोलले. "म्हंजी ठेकेदार आपल्याकडचाच." दुपारी भुकेनं कासावीस होऊन तिघं एका जुन्या बिअरगुत्त्यात शिरले. माळकऱ्याला तिथं न्यावं की नाही या विवंचनेत पोरगं होतं, पण काकूंचे पाय सुजले होते.

कोलोनच्या या गुत्त्यांतल्या वाढप्याला क्योबेस म्हणतात. निळा अंगरखा, लांब ॲप्रन आणि जगप्रसिद्ध उद्धटपणा. परदेशी प्रवासी त्याच्या नावानं बोटं मोडतात. नाव याकोबवरून आलेलं. सांत्यागोच्या वारीला निघालेले संत याकोबचे यात्रेकरू वाटखर्चासाठी इथं वाढप्याचं काम करीत, त्यांचं हे नाव पडलं, अशी तिथली एक आख्यायिका आहे. तर तो क्योबेस आला. साठीचा, पोट सुटलेला. न विचारता त्यानं बिअरचे तीन लहान पेले टेबलावर आदळले आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं तीन रेघा ओढल्या. ती चकती हेच बिल. आप्पांनी चकतीकडं पाहिलं. उधारीची वही त्यांनी कुठंही ओळखली असती.

"आमी माळकरी," असं सांगून आप्पांनी पोराकरवी पाणी मागितलं. क्योबेसनं कमरेवर हात ठेवले, आप्पांना टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं आणि काहीतरी भुंकला. पोराला त्याची कोलोनी बोली निम्मीच कळली, पण हा टोमणा ठरलेला आहे. "तो विचारतोय, पाण्यासंगं साबण आणि टॉवेल पण आणू का?"

आठ दिवसांत आप्पा पहिल्यांदा हसले. खोकला लागेपर्यंत हसले. मग पाबळच्या पट्टीत म्हणाले, "आन. पाठबी चोळ." काकू म्हणाल्या, "ह्यो तर आपल्या बारक्याचा भाऊ."

त्यापुढं सगळं सुरळीत झालं. खायला काय, तर कार्डावर 'अर्धा कोंबडा' अशा नावाचा पदार्थ. आप्पा ताडकन उठले. पण निघालं काय, तर राईचा पाव, लोणी, चीजचा जाड तुकडा, मोहरीची चटणी आणि कांदा. कोंबड्याचं पीससुद्धा नाही. एवढं खोटं नाव छातीठोकपणे लिहिणाऱ्या माणसांविषयी आप्पांच्या मनात आदरच निर्माण झाला. क्योबेस जाता-येता काहीतरी खेकसत होता, आप्पा इकडून मराठीत उत्तरं देत होते. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. "बोली हुती रं त्याची. शुद्ध न्हवती," असं आप्पा कौतुकानं सांगतात. जाताना त्यानं विचारलं, कुठले? पोरगं म्हणालं, पुणे. आप्पा म्हणाले, "पुनं न्हाई, पाबळ सांग. डॉक्टर कलबागांचा विज्ञान आश्रम सांग. 1983 चा." क्योबेसनं "पाबल" असं एकदा म्हटलं आणि मान हलवली. आप्पांच्या मते त्याला माहीत होतं.

आणखी एक. त्या गुत्त्यांत पेला रिकामा झाला की क्योबेस न विचारता भरलेला आणून ठेवतो. पुरे झालं, हे सांगायची एकच खूण: चकती पेल्यावर झाकण म्हणून ठेवायची. पंगतीत जिलबीच्या वेळी आपण पानावर आडवे होतो, तशी. आप्पांना ही रीत इतकी पटली की ती चकती ते घेऊन आले. तिच्यावर पाच रेघा आहेत. पेले तर तीनच आदळले होते. आप्पा म्हणतात, पुढच्या दोन पाण्याच्या. पोराला मी विचारलं नाही.

आल्यानंतरच्या पहिल्या बाजारी आप्पांनी मिसळ मागवली. मागवली, हे विशेष. बारक्यानं दोनदा तर्री वाढली, तिसऱ्यांदा आला तेव्हा आप्पांनी खिशातून चकती काढली, वाटीवर झाकली आणि आम्हा सगळ्यांकडं बघत म्हणाले, "आता बघा. जर्मनीत यवढ्यावर मानूस मागं फिरतो."

बारक्यानं चकती उचलली. वाटी काठोकाठ भरली. चकती हातात उलटीसुलटी करून पाहिली, दुमडली आणि खाली वाकून टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारली. टेबल हलायचं थांबलं.