काका, हात मागे!

(रंगमंचावर रंगाऱ्याचा घोडा, म्हणजे शिडी. भिंतीतून आलेल्या वायरींना एक पांढरी पेटी लोंबकळतेय. वायरमन येतो आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून ओरडतो.)

काका, हात मागे! पाठीमागे. हां. आता तिथंच राहू द्या.

पेटी कुणी काढली? पेंटरनं? मग वाजली असेल. (ऐकतो) "बंद केलेली, तरी वाजली?" अहो, अलार्म बंद केला म्हणजे तो दार-खिडक्या बघत नाही. स्वतःकडे बघतोच! मागे भिंतीला टेकलेलं बारीक बटण असतं, टॅम्पर. पेटी भिंतीपासून सुटली की ते सुटतं आणि पेटी बोंब मारते.

(ऐकतो) एमसीबी पाडला तरी भोंगा चालूच? आत बॅटरी आहे ना! १२ व्होल्ट, ७ एएच. चोर आधी मेन स्विच पाडतो, हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं. तुमच्या पेंटरला नव्हतं.

मग गप्प कुणी केला? मावशींनी? भांड्यांच्या मावशींनी येऊन कोड दाबला? (विराम) नाही, चांगलंय. आणि तुमचा कोड? पॅनेलशेजारी, भिंतीवर, पेन्सिलनं. (भिंतीवरून हात फिरवतो) रंग मात्र झकास बसलाय.

अलार्मच्या कंट्रोल रूमला फोन केलात? करा. नाहीतर मी स्क्रू पिळतोय आणि खाली गाडी भरून माणसं. तोवर मी सर्व्हिस मोड लावतो. (बटणं दाबतो) आता तासभर हा मला चोर समजणार नाही. ग्राहक समजतात, ती गोष्ट वेगळी.

काकू, एमसीबी पाडा! वर चिकटपट्टी लावा. मिक्सरला लाइट नसली तरी एमसीबी उचलायचा नाही. चटणी पाट्यावर वाटा.

(खिशातून टेस्टर काढतो.) हा आधी चालू प्लगमध्ये. पेटला? म्हणजे टेस्टर जिवंत. आता इथं. नाही पेटला? म्हणजे वायर मेली. परत प्लगमध्ये. पेटला? मग ठीक. नुसतं इथं लावून "नाही पेटला, करा सुरू" म्हणायचं नाही. टेस्टर मेलेला आणि वायर २३० व्होल्टनं जिवंत असली, तर तिसरा कोण मेला ते काकू सांगतील.

बॅटरी मी काढतो. तुमच्या बोटात अंगठी आहे. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, कबूल. पण अंगठी दोन्ही टोकांवर आडवी पडली की तापते, आणि बोट आतच असतं.

वायरींचा फोटो काढलाय? शाब्बास! (मोबाइल बघतो. वायरी बघतो. पुन्हा मोबाइल.) रंगकामानंतरचा आहे. फोटोत सगळ्या हस्तिदंती, इथंही सगळ्या हस्तिदंती. पेंटरनं वायरींनाही दुसरा हात मारलाय. आता एकेक खरवडतो. आणि काकू, तो रंगीत पट्ट्यांचा दाणा झाडून टाकू नका, रेझिस्टन्स आहे! तो गेला तर पॅनेलला वाटेल, कुणी वायर कापली.

जुनी भोकं? पुट्टीखाली. नवी पाडू. नाही, बरोबर वर नाही! वायर वरून आलीय, म्हणजे पाइप त्याच रेषेत उभा आहे. बाजूला घेऊ. नुसती मागची पट्टी धरून खुणा करायच्या आणि सर्किट लांब ठेवायचं, धूळ खातं ते. ६ एमएमचा बिट, ६ एमएमची गट्टी. बिल्डिंग नवी आहे, आत हलके ब्लॉक. म्हणून ड्रिलचा हॅमर बंद. नाहीतर भोकातून पलीकडच्यांची सिरियल दिसेल. आणि बॅटरी दोन किलोची, तेव्हा स्क्रू नुसते पुट्टीत अडकवून चालणार नाहीत.

(पिळतो. हलवून बघतो. पेटी हलत नाही.)

बॅटरी जोडली. काकू, एमसीबी! आता कोड बदला, काका. मी बघत नाही. (पाठ फिरवतो) झालं? सर्व्हिस मोड काढला. भोंग्याची टेस्ट.

(भोंगा. कान झाकतो.) बंद करा! नवा कोड! नवा! आत्ताच घातलात तो! (काकूंकडे) तुम्हाला? नाही? मावशींना फोन... अहो, त्यांना जुना माहितीय!

(दाराकडे बघतो. कुणीतरी आत येतं, कीपॅडकडे जातं. भोंगा थांबतो.)

मावशी? तुम्हाला नवा कोड कसा काय... (ऐकतो. हळूच खुर्चीकडे वळतो.)

काका, बटणं दाबताना आकडे मोठ्यानं म्हणायचे नसतात. त्या खालच्या मजल्यावर होत्या.